क्रियेवाचूनचे क्रियापद : इंग्रजीतील 'डू'



इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला की ज्याच्यापुढे 'करणे' हा अर्थ सर्वांत आधी आढळतो, त्या 'डू' या एका क्रियापदाचा विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे. एका क्रियापदासाठी आख्खे व्याख्यान कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास ते स्वाभाविकच आहे. परंतु महाराष्ट्रात इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या ज्या चुकांना वर्गात हसू उसळते, मुलाखतीत ज्यांच्यामुळे समोरच्याच्या कपाळावर आठी पडते, त्यांतील कितीतरी चुका याच क्रियापदापाशी होतात. 'डिड यू वेंट?', 'ही डोन्ट नो', 'हू डिड कम?', 'आय डिड अ मिस्टेक' ही वाक्ये कोणी ऐकलेली नाहीत? ही वाक्ये बोलणारा निष्काळजी असतो काय? त्याच्या बुद्धीत काही उणे असते काय? की आपल्या मातृभाषेने शिकवलेली एक पक्की शिस्त तो दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळत असतो? प्रस्तुत व्याख्यानाची भूमिका अशी की, या चुकांतील मोठा भाग तिसऱ्या प्रकारात मोडतो, आणि तो तसा मोडतो हे शिक्षकाला कळले तर चूक दुरुस्त करण्याची किल्लीही त्याला मराठीतच सापडते.

प्रथम या क्रियापदाची दोन रूपे वेगळी ओळखली पाहिजेत. 'शी डिड द वर्क' या वाक्यात 'डिड' म्हणजे 'केले'. येथे ते मुख्य क्रियापद आहे, म्हणजे वाक्यातील क्रियेचा अर्थ त्यानेच सांगितला आहे. 'डिड शी कम?' या वाक्यात मात्र कोणी काही 'केले' नाही. क्रिया येण्याची आहे आणि ती 'कम' या शब्दाने सांगितली आहे. मग 'डिड' तेथे कशासाठी? ते सहायक क्रियापद आहे, म्हणजे स्वतः कोणतीही क्रिया न सांगता काळ, वचन, पुरुष, नकार आणि प्रश्न यांचा भार वाहणारे पद आहे. 'व्हॉट डिड यू डू?' या चार शब्दांच्या प्रश्नात ही दोन्ही रूपे एकत्र नांदतात. पहिल्याला अर्थ नाही, दुसऱ्याला आहे. पहिल्याला काळ आहे, दुसऱ्याला नाही. शब्दकोशातील 'करणे' हा अर्थ केवळ दुसऱ्याला लागू पडतो, पहिल्याला मुळीच नाही, आणि हा भेद ज्या विद्यार्थ्याला कोणी कधी सांगितलेला नसतो त्याला 'डिड' हा शब्द प्रश्नाच्या तोंडी निष्कारण आणून ठेवल्यासारखा वाटतो.

हा शब्द तेथे आला तरी कसा? इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. प्राचीन इंग्रजीत प्रश्न विचारताना मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे येत असे आणि नकारासाठी सहायक 'डू'ची गरज भासत नसे. अर्थशून्य 'डू'चे सर्वांत जुने दाखले तेराव्या शतकातील, इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील पद्यात सापडतात. त्याचा उगम कशात, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वेल्श आणि कॉर्निश या शेजारच्या केल्टिक भाषांत 'करणे' या अर्थाचे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडण्याची रीत होती आणि तेथून इंग्रजीने ती उचलली, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष स्वीडनचे अभ्यासक आल्व्हार एलेगॉर्ड यांनी 1953 मध्ये सविस्तर मांडला. त्यांच्या मते हा 'डू' आरंभी प्रयोजक अर्थाचा, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवून घेण्याच्या अर्थाचा होता. मराठी माणसाला ही गोष्ट चटकन उमगावी. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग 'बांधला' असेही मराठीत म्हणतात आणि 'बांधविला' असेही म्हणतात. महाराजांनी स्वतः चिरे रचले नाहीत हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे दोन्ही रूपांचा अर्थ एकच होतो, आणि एकदा अर्थ एकच झाला की प्रयोजकाची खूण रिकामी राहते. मध्ययुगीन इंग्रजीत 'राजाने गढी बांधविली' हे सांगताना वापरलेला 'डिड' असाच हळूहळू रिकामा झाला, आणि रिकाम्या झालेल्या त्या शब्दावर पुढे भाषेने दुसरे काम सोपवले, असे हे मत आहे.

सोळाव्या शतकात हा रिकामा 'डू' सर्वत्र पसरला. होकारार्थी वाक्यांत तो होता, नकारार्थी वाक्यांत होता, प्रश्नांतही होता. पण कोठेही अनिवार्य नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांत 'डू' घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे प्रश्न शेजारी शेजारी आढळतात, आणि 1611 साली सिद्ध झालेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात 'नो नॉट' अशी, आजच्या व्याकरणशिक्षकाने लाल शाईने खोडावी अशी रचना जागोजागी आहे. त्यानंतर या शब्दाची वाट दुभंगली. साध्या होकारार्थी वाक्यांतून तो मागे हटू लागला, तर प्रश्न आणि नकार यांत तो घट्ट रुतून बसला. अलेक्झांडर पोप यांनी 1711 मधील आपल्या समीक्षाविषयक काव्यात, केवळ मात्रा भरण्यासाठी 'डू' घालणाऱ्या कवींची खोड त्याच शब्दाचा मुद्दाम तसा वापर करून दाखवली. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात होकारार्थी वाक्यातील अनावश्यक 'डू' सदोष मानला जातो अशी नोंद केली. तरीही समरसेट आणि डॉर्सेट या नैर्ऋत्येकडील परगण्यांच्या बोलींत तो पुढे विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला.

प्रश्नात आणि नकारातच तो का रुतला? इंग्रजी शब्दांचे अंत्यप्रत्यय झडत गेले, तसतसा कर्ता कोण आणि कर्म कोणते हे ओळखण्याचा भरवसा शब्दांच्या क्रमावर येऊन पडला. कर्ता आधी, क्रियापद नंतर, कर्म शेवटी हा क्रम मोडणे अवघड झाले. प्रश्न विचारताना काहीतरी कर्त्याच्या पुढे आणायचे तर होते, पण मुख्य क्रियापद आपल्या कर्मापासून दूर न्यायचे नव्हते. 'डू' पुढे आला आणि मागचा क्रम जसाच्या तसा राहिला. मराठीला असा पेच कधी पडला नाही, कारण 'ला', 'ने', 'शी' हे प्रत्यय शब्दाला चिकटून असल्याने शब्द कोठेही हलवले तरी अर्थ सुटत नाही, आणि प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी एक 'का' पुरतो.

आता व्याख्यानाच्या मुख्य भागाकडे वळावयाचे. 'डिड नॉट वेंट' ही चूक होते कशी? वर्गात साधारणतः एक सूत्र पाठ करून घेतले जाते : 'डिड'नंतर क्रियापदाचे पहिले रूप. सूत्र खरे आहे, पण त्याचे कारण सांगितले जात नाही. कारण असे की इंग्रजी वाक्यात काळाची खूण एकदाच उमटते, आणि ती वाक्यातील पहिल्या क्रियापदावर उमटते. 'ही वेंट' या वाक्यात क्रियापद एकच, म्हणून काळ त्याच्यावर. 'ही डिड नॉट गो' या वाक्यात 'डिड' आधी आला, त्याने काळ स्वतःकडे घेतला, आणि 'गो' मोकळा झाला. नोम चॉम्स्की यांनी 1957 च्या 'सिन्टॅक्टिक स्ट्रक्चर्स' या लहानशा पुस्तकात हाच विचार नेमक्या नियमांच्या रूपात मांडला : काळाचा प्रत्यय मुख्य क्रियापदापासून तुटला आणि त्याला चिकटायला दुसरे सहायक क्रियापद उरले नाही, की भाषा तेथे 'डू' आणून ठेवते. म्हणजे 'डू' हा निराधार प्रत्ययाचा आधार आहे.

ही रीत मराठी माणसाला परकी आहे काय? नाही. ती त्याच्या जिभेवर जन्मापासून आहे. 'तो जातो', 'ती जाते', 'तू जातोस', 'ते जातात' या होकारार्थी वाक्यांत क्रियापद किती वळते ते पाहावे; लिंग बदलले की वळते, पुरुष बदलला की वळते, वचन बदलले की वळते. आता नकार करावा : 'तो जात नाही', 'ती जात नाही', 'तू जात नाहीस', 'ते जात नाहीत'. 'जात' हे रूप चारही वाक्यांत तसूभरही हलत नाही, लिंगाची खूण तर पार नाहीशी होते, आणि 'तू'चा 'स' व 'ते'चा 'त' उचलून 'नाही'ला जोडले जातात. 'तो जातो नाही' असे मराठी घरातले तीन वर्षांचे मूलही म्हणत नाही. 'ही गोज' या वाक्याचा नकार 'ही डझंट गो' असा होतो तेव्हा घडते ते अगदी हेच : पुरुषाचा प्रत्यय 'गो'वरून सुटतो आणि सहायकावर जाऊन बसतो. आज्ञार्थातही तीच तऱ्हा आहे. 'जा' याचा नकार 'जाऊ नकोस', 'जाऊ नका'. भार 'नको'वर, 'जाऊ' स्थिर. इंग्रजीत 'डोन्ट गो'.

भूतकाळात मात्र वाट वेगळी होते, आणि येथेच मराठी विद्यार्थ्याचा पाय अडखळतो. 'तू गेलास' या वाक्याचा नकार 'तू गेला नाहीस' असा होतो. शेवटचा 'स' नियमाप्रमाणे 'नाही'कडे गेला; परंतु भूतकाळाची खूण असलेला 'ला' कोठे गेला? तो कोठेच गेला नाही. तो 'गेला'मध्येच राहिला, आणि त्याच्यासोबत लिंग व वचनही राहिले : 'ती गेली नाही', 'ते गेले नाहीत'. मराठीने भार दोघांत वाटला. पुरुषाचा भार नकारावर टाकला आणि काळाचा भार मुख्य क्रियापदावर ठेवला. इंग्रजीने दोन्ही भार 'डिड'वर टाकले. मराठी मूल जेव्हा 'ही डिड नॉट वेंट' म्हणते तेव्हा ते 'गेला नाही' यातील 'गेला' निष्ठेने जपत असते. त्या चुकीत तर्क आहे, शिस्त आहे. फक्त ती शिस्त शेजारच्या घरची आहे. हे ज्या शिक्षकाला ठाऊक असेल तो त्या मुलाला उभे करून हसणार नाही. तो फळ्यावर 'तू जात नाहीस' आणि 'तू गेला नाहीस' ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहील, 'जात' आणि 'गेला' या शब्दांभोवती खडूने वर्तुळे काढील आणि मुलांनाच विचारील की यांपैकी कोणती रीत इंग्रजीने उचलली आहे. पहिली. भूतकाळासाठीही पहिलीच. एवढे एकदा डोळ्यांनी दिसले की पाठ केलेल्या सूत्राला अर्थ येतो.

येथे आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशी लहान मुलेही बोलायला शिकताना काही काळ 'डिड ही वेंट' या धाटणीची वाक्ये बोलतात, हे बालभाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ही गाठ इंग्रजीच्या अंगचीच आहे. मराठीने ती थोडी अधिक आवळली इतकेच. 'ही डोन्ट' या रूपाचीही तीच गोष्ट. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील सुशिक्षित मंडळीही ते बोलण्यात सर्रास वापरीत, आणि आजही तेथील व अमेरिकेतील अनेक बोलींत ते जिवंत आहे. अर्थात परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि नोकरीच्या अर्जात 'डझंट' हेच लिहिले पाहिजे, याविषयी कोणतीही तडजोड असू नये. प्रमाणभाषा शिकणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि तो त्याला पुरेपूर मिळाला पाहिजे.

'हू डिड कम?' या चुकीचे मूळ निराळे आहे. 'डू'ने प्रश्न होतो असे एकदा शिकवले की विद्यार्थी प्रत्येक प्रश्नात तो घालू लागतो. पण 'कोण आले?' या प्रश्नात 'कोण' हाच कर्ता आहे आणि तो आधीच वाक्याच्या तोंडी आहे. क्रम मोडलेला नाही, म्हणून सावरायला 'डू'ची गरज नाही आणि 'हू केम?' पुरते. 'तू कोणाला पाहिलेस?' येथे कर्म पुढे आले, क्रम हलला, म्हणून 'हू डिड यू सी?'. मराठीतील 'कोण' आणि 'कोणाला' हा भेद हाताशी असताना हा नियम वेगळा घोकायला का लावावा? 'कोण', 'कोणी' असा कर्ता विचारला तर 'डू' नको. 'कोणाला', 'कोठे', 'केव्हा' विचारले तर हवा. 'हू डिड कम' हे वाक्य सर्वस्वी अशक्य आहे असेही नव्हे. बोलावलेल्यांपैकी पुष्कळजण आले नाहीत, तर मग आले तरी कोण, असा जोर द्यायचा असेल तेव्हा ते अगदी योग्य ठरते. कारण होकारार्थी वाक्यातून हटलेला 'डू' तेथे एकाच कामासाठी राहिला आहे, ते म्हणजे जोर देण्यासाठी. 'आय डू लाइक इट' म्हणजे 'मला ते आवडतेच'. मराठीतील 'च' जेथे शोभेल तेथेच हा 'डू' शोभतो, आणि 'काल आय डिड गो टु मार्केट' असे सरसकट बोलणाऱ्याच्या वाक्यात नकळत एक 'च' शिरतो.

लहान उत्तरांचाही येथे थोडक्यात उल्लेख करणे भाग आहे. 'येतोस का?' या प्रश्नाला मराठी माणूस 'येतो' असे क्रियापदानेच उत्तर देतो. इंग्रजीत ते काम सहायकाने करायचे असते, म्हणून 'यस, आय डू'. वाक्याच्या शेवटी जोडलेल्या 'नाही का?' या प्रश्नाचेही तसेच. मराठीतील 'ना' किंवा 'नाही का' कोणत्याही वाक्याला चालते, त्यामुळे 'यू लिव्ह इन पुणे, इझन्ट इट?' असे तोंडून येते. प्रमाण इंग्रजीत त्या जागी 'डोन्ट यू?' हवे.

आता मुख्य क्रियापद म्हणून येणाऱ्या 'डू'कडे. मराठीतील 'करणे' हे फार सोशीक क्रियापद आहे. अभ्यास करणे, चूक करणे, फोन करणे, प्रयत्न करणे, लग्न करणे, उपकार करणे. नाम कोणतेही आणावे, 'करणे' त्याला सांभाळून घेते. इंग्रजीने ही वाटणी 'डू' आणि 'मेक' या दोघांत केली आहे. सामान्यतः जेथे काम करत राहण्यावर दृष्टी असते तेथे 'डू', आणि जेथे कामातून काही निर्माण होते तेथे 'मेक' : 'डू होमवर्क', पण 'मेक टी'. त्याच न्यायाने चूक ही घडवलेली वस्तू मानली गेली आणि 'मेक अ मिस्टेक' झाले. पण हा नियम फार दूर नेऊ नये. 'डू डॅमेज' का आणि 'मेक अॅन एफर्ट' का, याचे उत्तर नियमात नाही, वहिवाटीत आहे. मराठी स्वयंपाकघरात चहा टाकतात, कुकर लावतात, पोळ्या लाटतात, भाजी फोडणीला देतात. परक्याने प्रत्येक ठिकाणी 'करणे' वापरले तर त्याचे म्हणणे कळेल, पण त्याच्या बोलण्यात त्या घरातला वावर जाणवणार नाही. अशा जोड्या वाक्यांतून, वाचनातून, कानांवर पडूनच अंगवळणी पडतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांना या वाटणीचे भान वाक्यामागून वाक्य भाषांतरित करून आले. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवली जात आहे, तेव्हा कानांवर पडण्याची संधी तर लवकर आली. ती शब्दांच्या सुट्या यादीवर न घालवता जोड्यांवर खर्च व्हावी, अशी अपेक्षा बाळगणे वाजवी आहे.

भारतीय इंग्रजीने या क्रियापदाचे स्वतःचे काही वापर घडवले आहेत, त्यांच्याकडे कसे पाहावे? 'डू वन थिंग' हे 'एक काम कर' याचे सरळ प्रतिरूप आहे. सल्ला देण्यापूर्वीचे ते आपुलकीचे पाऊल आहे, भारतात ते सर्वांना समजते आणि बोलण्यात ते राहिल्याने इंग्रजीचे काही बिघडत नाही. 'डू द नीडफुल'ची गोष्ट वेगळी आहे. हा प्रयोग येथे जन्मलेला नव्हे. तो इंग्रजांच्याच जुन्या पत्रव्यवहारातील आहे, तेथे तो मागे पडला आणि भारतीय कचेऱ्यांत 'योग्य ती कार्यवाही करावी' या वाक्याचा जोडीदार होऊन राहिला. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नाही. त्याविरुद्धचे खरे कारण असे की तो काय करावे हे सांगतच नाही. बँकेच्या पासबुकातील नावाचे स्पेलिंग चुकले असेल, तर 'प्लीज करेक्ट द स्पेलिंग' असे लिहून पुढे अचूक नाव द्यावे. टेबलापलीकडच्या माणसाला नेमके काम कळते आणि अर्जदाराची खेप वाचते. शुद्धतेचा आग्रह धरायचा तर तो अशा ठिकाणी धरावा.

शुद्ध रूपाची रेषा इंग्रजीत आजही सरकते आहे. 'तुझ्याकडे पेन आहे का?' यासाठी 'हॅव यू अ पेन?' ही ब्रिटनमधील जुनी, प्रतिष्ठित रचना. तेथेही आता 'डू यू हॅव' रूढ झाले आहे, आणि सोळाव्या शतकात इतर क्रियापदांना ज्याने गाठले त्या 'डू'ने 'हॅव'लाही गाठले. 'बी' हे क्रियापद प्रश्नात आणि साध्या नकारात अजून त्याच्या हाती लागलेले नाही. फक्त 'डोन्ट बी लेट' अशा आज्ञार्थात तो त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. आणि पूर्वीची सवय सांगणारे 'यूज्ड टू' हे रूप नकारात आले की 'डिडन्ट यूज टू' लिहावे की 'डिडन्ट यूज्ड टू', याविषयी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचीही लेखणी घुटमळते. बहुतेक मार्गदर्शक ग्रंथ पहिल्या रूपाच्या बाजूने आहेत, कारण काळ 'डिड'ने आधीच घेतलेला आहे. परंतु उच्चारात दोन्ही सारखीच ऐकू येत असल्याने दुसरे रूप छापील मजकुरातही वारंवार दिसते. 'डिडन्ट'च्या पुढे पुन्हा भूतकाळ लिहिणारा तो इंग्रजीभाषक लेखक आणि 'डिड नॉट वेंट' म्हणणारा मराठी शाळेतील विद्यार्थी एकाच जागी अडलेले असतात. लेखकाला तेथे कान साथ देत नाही, तर विद्यार्थ्याला 'गेला नाही' यातला 'गेला' सोडवत नाही.